घराणे, साधना आणि जात

शास्त्रीय संगीतातील थोर माणसांची चरित्रे मी गेली काही वर्षे नेमाने वाचतो आहे. मी गायक नाही. सुराचे शिक्षण मला मिळालेले नाही. मी गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्याचा, पेशाने शिक्षक. तेव्हा मी या विषयावर का लिहावे, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो.

आमच्या वस्तीतली एक मुलगी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि भीमजयंतीला गाणाऱ्या आमच्या पार्टीत ती पेटीवर बसते. तिचा गळा ऐकून कुणीतरी सुचवले म्हणून ती जवळच्या शहरात एका क्लासमध्ये गाणे शिकायला जाऊ लागली. तीन महिन्यांनी तिने जाणे बंद केले. कारण विचारले तेव्हा बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, तिथे म्हणाले, तुझा गळा भीमगीताचा आहे. राग तुझ्या घरात नाही." तिला धीर द्यावा म्हणून मी ग्रंथालयातून गायक-वादकांची चरित्रे आणली आणि रविवारी पाच-सहा मुलांना जमवून वाचू लागलो. चार रविवार झाले. पाचव्या रविवारी तीच म्हणाली, "याच्यात आपला कोन आहे जी, सर?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम या चरित्रांच्या घडणीविषयी. मराठीत संगीतावरचे चरित्रलेखन विपुल आहे आणि त्यातले काही फार मोलाचे आहे. गोविंदराव टेंबे यांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहिले. प्रा. बी. आर. देवधरांनी 'थोर संगीतकार' लिहिताना, जे गवई स्वतः पाहिले, ऐकले, ज्यांच्याशी बोलले, त्यांच्याविषयी लिहिले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या परंपरेतली पुस्तके ओळीने वाचली की एक साचा दिसू लागतो. बालपणी गाण्याचे वेड. गुरूचा शोध. गुरूने केलेला छळ, तो सोसणारा शिष्य. मग बारा-पंधरा वर्षांची साधना. अखेरीस कीर्ती. या साच्यात पोट नाही, जन्म नाही, जात नाही. म्हणजे ती आहे, पण चरित्रकाराला अभिमानाने सांगता येईल तेवढीच आहे.

अल्लादियाखाँसाहेबांचेच पाहा. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे प्रवर्तक. जन्म १८५५, मृत्यू १९४६. नातवाला सांगितलेल्या आठवणींत ते आपले कुळ नाथ विश्वंभर या पूर्वजापर्यंत नेतात, म्हणजे धर्मांतरापूर्वीचे आपले कुळ ब्राह्मणाचे होते असे सांगतात. मला येथे खाँसाहेबांना दोष द्यायचा नाही. आपल्या गाण्याचे मोल ज्या समाजाकडून करून घ्यायचे, त्या समाजात कोणते नाणे चालते हे त्यांना ठाऊक होते. धर्म बदलून पिढ्या लोटल्या, तरी थोरवी सिद्ध करायला ब्राह्मण पूर्वज हाताशी लागतो. आणि चरित्रकार ते अगदी सहज उतरवून घेतात. ज्याला सांगण्याजोगा पूर्वज आहे त्याची जात चरित्रात येते. ज्याला नाही, त्याच्या चरित्रात 'साधना' येते.

खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आश्रय दिला तो शाहू महाराजांनी. त्याच शाहूंनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांकडे अस्पृश्यांचा पुढारी म्हणून बोट दाखवले. संगीताच्या पुस्तकांतले शाहू 'रसिक राजे' आहेत, आपल्या पुस्तकांतले शाहू 'समाजक्रांतिकारक' आहेत. हे दोन शाहू एकमेकांना भेटत नाहीत. ते एकाच माणसाच्या दरबारात, एकाच काळात घडले, हे दोन्हीकडच्या वाचकाला कळले पाहिजे.

आता केसरबाई केरकर यांच्याकडे येऊ. माझ्या मते हे चरित्र आपण सर्वांनी वाचले पाहिजे.

केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. कलावंत समाजातला. देवळाच्या सेवेला जन्माने बांधलेल्या आणि सरदार-सावकारांच्या आश्रयावर जगणाऱ्या स्त्रियांचा हा समाज. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँ, मग गोव्यात लामगावला रामकृष्णबुवा वझे, मग मुंबईत बरकतुल्लाखाँ, भास्करबुवा बखले. असे करत १९२१ साली त्या अल्लादियाखाँच्या रीतसर शिष्या झाल्या. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. चरित्रकार या वीस वर्षांना 'सुराचा ध्यास' म्हणतात. ध्यास होताच. परंतु गुरू टिकत नव्हता तो कशामुळे? गुरू आश्रयदात्याच्या मागे गावे बदलत होते, शिक्षणाला पैसा लागत होता, तो पैसा देणारा कुणी धनिक लागत होता, आणि ज्या समाजात गाणे हेच पोट, त्या मुलीला शिकणे सोडून चालणार नव्हते. ध्यास हा शब्द खरा आहे, पण अपुरा आहे. त्याने आर्थिक व्यवहार झाकला जातो आणि व्यवस्था निर्दोष ठरते.

या बाईंची नावे पाहा. केरीच्या म्हणून केरकर. कुर्डीच्या म्हणून मोगूबाई कुर्डीकर. १९०४ साली जन्मलेल्या मोगूबाईंचे ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मंगेशीचे म्हणून दीनानाथ मंगेशकर. त्यांचे वडील देवळातले पुजारी आणि आई येसूबाई कलावंत समाजातली. बापाचे नाव लावायला मिळत नसे, म्हणून गावाचे नाव लावायचे. आज ही आडनावे आदराने उच्चारली जातात. ती आडनावे मुळात का घ्यावी लागली, हे मात्र आदरापोटी गाळले जाते. या समाजातले राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला 'मी कोण?' असे नाव दिले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथनांची लाट यायची होती. संगीताच्या किती अभ्यासकांनी ते वाचले असेल?

एक खुलासा केला पाहिजे. कलावंत समाज अस्पृश्य नव्हता. त्यांचे दुःख आणि आपले दुःख एक नव्हे. देवळात त्यांना जागा होती. ती जागाच त्यांचा तुरुंग होती. आपल्याला देवळात जागाच नव्हती. हा फरक विसरून सर्व वेदना एका मापाने मोजणे हा भाबडेपणा होईल. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. जन्माने नेमून दिलेले काम, त्या कामातून आलेले असामान्य कौशल्य, आणि त्या कौशल्याचे श्रेय मात्र दुसऱ्याच कशाला तरी.

मराठी भाषेनेच या अन्यायाची साक्ष ठेवली आहे. वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' हा १९६१ सालचा ग्रंथ घराण्यांच्या सौंदर्यशास्त्रावरचा मान्यवर ग्रंथ आहे. त्याच्या विवेचनाविषयी माझी तक्रार नाही. मी त्या शीर्षकातल्या शब्दापाशी थबकतो. मराठीत 'घरंदाज बाई' कुणाला म्हणतात हे सांगायला नको. जयपूरची घरंदाज गायकी ज्यांच्या गळ्यांनी महाराष्ट्रभर नेली, त्या केसरबाई आणि मोगूबाई यांना त्या काळचा समाज घरंदाज म्हणत नव्हता. गाणे घरंदाज, गाणारी नव्हे! किशोरी आमोणकरांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, आईबरोबर मैफलींना जाताना आईला मिळणारी वागणूक आपण पाहिली, आणि म्हणून पुढे स्वतःच्या मानाबाबत आपण तडजोड केली नाही. समीक्षकांनी त्याला 'लहरीपणा' म्हटले. अपमानाची स्मृती बाळगणाऱ्या माणसाचा ताठ कणा पांढरपेशा समीक्षेला नेहमीच लहरीपणा वाटतो. हा अनुभव आपल्या लेखकांना नवा नाही.

केसरबाईंच्या आयुष्याचा शेवटही सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली आहे. जगभरच्या संगीतातले सत्तावीस तुकडे तिच्यात आहेत. भारतातून एकच निवडला गेला, रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने सुचवलेला. केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ते गाणे आता सूर्यमालेच्या वाऱ्यांपलीकडे गेले आहे. त्या ध्वनिमुद्रणाचे नाव 'जात कहाँ हो'. हे मी मुलांना सांगितले तेव्हा एक पोरगा खोडसाळपणे म्हणाला, "सर, जात कुठं आहे म्हनून विचारते का जी ते बाई?" आमच्या पोरांना हिंदी चांगली येते, वैनगंगा ओलांडली की बालाघाट जिल्हा. अर्थ त्याला ठाऊक होता. सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न विनोदाने उडवून लावण्यासारखा नव्हता. जी बाई साऱ्या मानवजातीचा आवाज म्हणून निवडली गेली, तिच्या चरित्रात जात कुठे आहे?

दुसरे उदाहरण रचनाकाराचे आहे. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी गाजवलेला 'अबीर गुलाल' हा अभंग महाराष्ट्रात कुणी ऐकला नाही? मैफलीच्या शेवटी त्याची फर्माईश होते. श्रोते डोळे मिटून डोलतात. हा अभंग चोखामेळ्याचा मानला जातो, आणि त्यात तो विचारतो की आम्ही जातीने हीन, मग त्या उंबरठ्याला शिवायचे कसे. एवढा उघड प्रश्न! तो शेकडो सभागृहांत, हजारो वेळा विचारला गेला आहे. आणि दर वेळी त्याचे उत्तर टाळ्यांनी दिले गेले आहे. मी अभिषेकीबुवांच्या गाण्याला नावे ठेवत नाही. त्यांनी तो प्रश्न इतक्या लोकांच्या कानांवर घातला हे त्यांचे श्रेयच आहे. माझा आक्षेप ऐकण्याच्या सवयीवर आहे. सूर इतका गोड लागला की शब्द ऐकू येईनासा होतो, ही सवय आपोआप जडत नाही. ती घडवली जाते. रसग्रहणाच्या लेखांतून घडवली जाते, निवेदकाच्या दोन वाक्यांतून घडवली जाते.

आणि चोखोबांचे चरित्र? १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गाडले गेले. म्हणजे हा कवी वेठीच्या कामावर मेला. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाकडून गावाची भिंत बांधून घेतली, आणि तीच त्याच्या अंगावर पडली. परंपरा मात्र सांगते की त्याच्या हाडांतून विठ्ठलाचे नाम ऐकू येत होते, त्यावरून ती ओळखली. हाडे बोलत असतील, तर ती त्या भिंतीविषयीही बोलत असली पाहिजेत. चरित्रकारांनी तेवढे नेमके ऐकले नाही.

येथे आपल्या बाजूच्या एका चुकीविषयीही लिहिले पाहिजे. शास्त्रीय संगीत म्हणजे ब्राह्मणांचे संगीत, तेव्हा आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. हा नकार समजण्यासारखा आहे, पण तो इतिहासाला धरून नाही. ख्यालाची उभारणी करणारे बहुसंख्य मुसलमान उस्ताद होते आणि तो गळ्यात जपणाऱ्या कितीतरी कलावंतिणी होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून उस्तादांकडच्या चिजा जमवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. या दोघांच्या कार्याने संगीत प्रतिष्ठित मध्यमवर्गाच्या हाती आले आणि उस्ताद व बाया बाजूला पडत गेल्या. जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. हे खरेच आहे. परंतु त्याच कार्याची दुसरी बाजूही आहे. जी चीज उस्ताद आपल्या रक्ताबाहेर देत नसे, ती भातखंड्यांच्या पुस्तकात दवनीवाड्याच्या मुलीलाही वाचता येते. छापलेले पुस्तक जात विचारत नाही. बाबासाहेबांनी आयुष्यभर ग्रंथांवर विश्वास ठेवला तो यासाठीच. आणि तेच बाबासाहेब उतारवयात हाती व्हायोलिन घेऊन शिकायला बसले होते, हेही विसरू नये. ते वाद्य आपले की परके, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

मग 'आपला कोण आहे' या प्रश्नाचे उत्तर काय?

एक उत्तर वाद्यात आहे. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. ती ताणून धरणारी वादी कातड्याची. हे कातडे सोलणारा, कमावणारा हात कुणाचा? २०२० साली टी. एम. कृष्णा या कर्नाटक गायकाने मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर ग्रंथ लिहिला. त्यांतले बरेच दलित ख्रिस्ती आहेत, आणि ग्रंथात गाईच्या कातड्याची चर्चा आहे. त्याच्या प्रकाशनासाठी दिलेले सभागृह चेन्नईच्या एका नामवंत कलासंस्थेने ऐनवेळी नाकारले. मृदंग मंचावर चालतो, मृदंग बनवणाऱ्याचे चरित्र मंचावर चालत नाही. आपल्याकडे मराठीत असा ग्रंथ लिहिला गेला पाहिजे.

दुसरे उत्तर वामनदादा कर्डक यांच्यासारख्या रचनाकारांत आहे. जन्म १९२२, मृत्यू २००४. हजारो गीते. ख्यालाच्या बंदिशीत रचणारा आपले नाव गुंफतो. महंमदशाहाच्या दरबारातला न्यामतखाँ 'सदारंग' म्हणून आजही त्याच्या बंदिशींत हजर असतो. अभंगाच्या शेवटी चोखा असतो, तुका असतो. वामनदादाही गीताच्या शेवटी 'वामन' म्हणून उभे असतात. ही एकच नाममुद्रेची परंपरा आहे. पण सदारंग 'वाग्गेयकार' आणि वामनदादा 'लोकशाहीर', अशी विभागणी झाली. ती कुणी केली, कोणत्या निकषावर केली? निकष रचनेचा असेल तर तपासू या. रागाचा असेल तर त्या चाली लिहून काढू या. दोन्ही न करता केलेली विभागणी ही समीक्षा नव्हे, ती वर्णव्यवस्था आहे.

तिसरे उत्तर माझ्या घरात आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. माझा आजा डफडे वाजवीत असे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि खडी गंमत चालते. तिथे, आणि गावच्या लग्नात-मयतात, त्याला बोलावणे असे. ते बोलावणे नव्हते, हुकूम होता. वाजवल्यावर भाकर लांबून मिळे. १९५६ च्या ऑक्टोबरात तो गोंदियाहून गाडीने नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि त्याने डफडे पुन्हा हाती धरले नाही. ते अनेक वर्षे आढ्याला टांगलेले होते. मग एका पावसाळ्यात कातडे कुजले आणि माझ्या वडिलांनी ते उकिरड्यावर टाकले. आज्याने केले ते योग्य केले. गुलामीची खूण म्हणून जे वाद्य गळ्यात बांधले, ते काढणे हीच त्याची सर्वांत मोठी कलाकृती होती, असे मी मानतो. पण त्याला कोणते ताल येत होते, ते त्याला कुणी शिकवले, त्याचे हात कसे चालत, हे मी कधी विचारले नाही. विचारायची लाज वाटत होती. ती लाज माझी नव्हती, मला दिलेली होती. त्यांनी आमचे चरित्र लिहिले नाही हे खरे. आम्हीही लिहिले नाही, हेही तितकेच खरे.

गुलामी सोडताना कौशल्याची आठवणही सोडून द्यावी लागावी, हा दुहेरी तोटा आहे. गोव्यातल्या कलावंत समाजाने मुलींना देवळाला वाहणे बंद केले, पण गाण्याचा इतिहास आपला म्हणून सांगणे सोडले नाही. केरीला आज केसरबाईंच्या नावाची शाळा आहे, गोव्यात दरवर्षी त्यांच्या नावाने समारोह भरतो. आपण वामनदादा जपले. पण आपल्या वाजवणाऱ्यांची नावे आपण जपली नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चरित्रकारांनी साधनेबरोबर भाकरीचा हिशेब द्यावा. गुरूचे नाव सांगताना शिक्षणाचा पैसा कुठून आला ते सांगावे. घराणे सांगताना घराबाहेर कुणाला ठेवले तेही सांगावे. याने कुणाची थोरवी कमी होत नाही. केसरबाई कुठून निघाल्या हे कळल्यावर त्या कुठवर पोहोचल्या हे अधिक कळते. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपापल्या वस्तीतल्या जुन्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांकडे वही घेऊन बसावे. ही माणसे फार दिवस राहणार नाहीत.

आम्ही दवनीवाड्यात सुरुवात केली आहे. वहीत आजवर सात जणांची माहिती उतरली आहे. लिहिते ती तीच मुलगी. भातखंड्यांच्या पुस्तकाचा पहिला भागही तिच्याजवळ आहे. दुसऱ्या क्लासला जायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि मी तिला विचारलेलेही नाही. मागच्या रविवारी तिने मला विचारले, "सर, तुमच्या आज्याचं नाव लिहू का जी?" मी लिही म्हणालो. पुढे 'वाद्य' असा रकाना होता. तिथे मी स्वतः, माझ्या हाताने, 'डफडे' असे लिहिले.